सुंभ, पीळ आणि हजार फुटांचे छप्पर

लोणावळ्याहून भुशी धरणाच्या रस्त्याने पुढे गेले की 'आयएनएस शिवाजी' लागते. नौदलातील तंत्रज्ञांना शिक्षण देणारी ही संस्था १९४५ सालापासून येथे आहे. समुद्रसपाटीपासून दोन हजार फूट उंचीवर नौदल कशाला, असा प्रश्न सहलीला आलेली मुले हमखास विचारतात. जहाज चालते पाण्यावर, पण ते चालवण्याची विद्या जमिनीवरच शिकावी लागते, हे त्याचे साधे उत्तर.

मावळचे आणि आरमाराचे नाते तसे याहून जुने आहे. १७१३ साली कान्होजी आंग्रे घाट चढून वर आले. लोहगड आणि राजमाची त्यांनी घेतली आणि पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्या कैदेत पडले. शाहू महाराजांनी मग बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद देऊन बोलणी करायला पाठवले. १७१४ च्या सुरुवातीला लोणावळ्याजवळ वळवण येथे समेट झाला आणि कान्होजी शाहूंच्या आरमाराचे सरखेल झाले. मराठी आरमाराचे भवितव्य ठरवणारा तह असा सह्याद्रीच्या माथ्यावर झाला.

इतिहासाच्या पुस्तकांत आरमार म्हटले की किल्ले, गलबते आणि तोफा येतात. आम्ही येथे अशा एका वस्तूचा इतिहास सांगणार आहोत, जिच्यावाचून यांतले एकही गलबत बंदराबाहेर पडले नसते. ती वस्तू म्हणजे दोर. आणि दोराबरोबर तो वळण्यासाठी मुंबईच्या गोदीजवळ उभ्या राहिलेल्या एका विलक्षण लांब इमारतीचाही.

जहाजाला दोर किती लागतो?

शिडाच्या जहाजावर दोर सगळीकडे असतो. डोलकाठ्या ताठ उभ्या राहतात त्या दोरांच्या ताणामुळे. शिडे चढवायची, उतरवायची, वाऱ्याच्या दिशेने फिरवायची ती दोरांनी. नांगर टाकायचा आणि उचलायचा तोही दोराने. इंग्रज आरमाराच्या 'व्हिक्टरी' या १७६५ सालच्या युद्धनौकेवर सुमारे २६ मैल, म्हणजे जवळजवळ ४२ किलोमीटर दोर होता असे सांगतात. लोणावळा स्टेशनापासून रुळाच्या कडेने हा दोर टाकत निघालो, तर तो देहूरोडच्या आसपास संपेल!

यातला बराचसा दोर अंगठ्याएवढा किंवा मनगटाएवढा जाड. नांगराचा दोर मात्र माणसाच्या मांडीएवढा. तो नुसता जाड असून भागत नाही, तो लांबही लागतो. नांगर तळाशी रुतून राहतो तो त्याला आडवी ओढ बसली तरच. दोर उभा आला की नांगर उचकटून निघतो. म्हणून पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट लांब दोर सोडावा लागतो. इंग्रज आरमारात असा दोर साधारण १२० वाव लांब करीत. वाव म्हणजे दोन्ही हात आडवे पसरल्यावर एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर. ते सुमारे सहा फूट भरते. आपल्याकडे दोर आणि विहिरीची खोली वावेनेच मोजत आणि दर्यावर्दीही पाण्याची खोली त्याच मापाने सांगत. १२० वाव म्हणजे ७२० फूट.

छोटे छोटे दोर जोडून ७२० फूट का करू नयेत? गाठ मारली की दोराची ताकद बरीच घटते, आणि जिथे सांधा येतो तिथे दोर जाड होऊन कप्पीत किंवा भोकात अडकतो. तेव्हा नांगराचा दोर सलगच हवा. हा 'सलग' शब्द ध्यानात ठेवावा. त्या इमारतीचे सगळे गणित त्याच्यावर उभे आहे.

पिळाचे शास्त्र

अंबाडीचे किंवा बोरूच्या तागाचे खोड आठ-दहा दिवस पाण्यात कुजवले की सालीतून लांब तंतू सुटतात. त्याला वाख म्हणतात. वाखाचा तंतू हातभर, फार तर पुरुषभर लांब. नारळाच्या काथ्याचा तर जेमतेम वीतभर. मग वीतभर तंतूंपासून ७२० फुटांचा दोर होतो कसा?

वाखाची एक जुडी दोन्ही हातांत धरून ओढली तर तंतू सहज सरकून सुटे होतात. तीच जुडी पिळून ओढली तर सुटत नाही. तंतूंना एकत्र धरते ते त्यांच्यामधले घर्षण, आणि घर्षण वाढायचे तर तंतू एकमेकांवर दाबले गेले पाहिजेत. हा दाब पिळामुळे येतो. पीळ दिलेल्या धाग्यात प्रत्येक तंतू मळसूत्रासारखा गुंडाळलेला असतो. धागा ताणला की तो सरळ होऊ पाहतो आणि तसे करताना आतल्या तंतूंना आवळतो. म्हणजे जितक्या जोराने ओढावे, तितकी पकड घट्ट होते. डिंक नाही, खिळा नाही, केवळ आकारातून आलेली ही ताकद आहे.

पिळात एक खोडही आहे. तो सुटू पाहतो. पिळलेला धागा मोकळा सोडला की गरगर फिरतो आणि उलगडतो. यावर माणसाने फार प्राचीन काळी तोड काढली, ती म्हणजे उलटा पीळ. धाग्यांना उजवा पीळ द्यायचा. असे बरेच धागे एकत्र करून त्यांचा पेड डावीकडे पिळायचा. मग तीन पेड एकत्र घेऊन पुन्हा उजवीकडे वळायचे. आता पेड उलगडू लागला तर दोराचा पीळ घट्ट होतो आणि दोर उलगडू लागला तर पेडाचा पीळ घट्ट होतो. दोघेही एकमेकांना सुटू देत नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही ही म्हण आपण हेकट माणसाविषयी वापरतो. दोर वळणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती चांगल्या सुंभाची पावतीच आहे.

आता लांबीकडे वळू. सरळ धागा मळसूत्रासारखा वळला की त्याची लांबी कमी होते. तीन पेडांचा घट्ट दोर पुरा होईपर्यंत मूळ धाग्याच्या लांबीच्या साधारण दोन-तृतीयांश एवढाच उरतो. म्हणजे ७२० फुटांचा दोर हवा असेल तर धागा ७२० भागिले दोन-तृतीयांश, म्हणजे १०८० फूट लांब घ्यावा लागेल, आणि वळताना तो सबंध लांबीभर ताणून धरावा लागेल. त्यासाठी एका सरळ रेषेत हजार फुटांहून जास्त जागा हवी. ही गरज कोणा राजाच्या हौसेतून आली नाही, ती भागाकारातून आली आहे.

इंग्लंडमधील चॅटम येथील आरमारी गोदीत १७८६ ते १७९१ या काळात बांधलेली दोरांची इमारत आजही उभी आहे. तिची लांबी ३४६ मीटर, म्हणजे ११३५ फूट. आपण वर्गात केलेले गणित आणि त्या बांधणाऱ्यांनी केलेले गणित किती जवळ येते पाहा! फ्रान्समध्ये रोशफोर येथे १६६६ साली सुरू झालेली अशीच इमारत ३७४ मीटर लांब आहे. अशा जागेला इंग्रजीत 'रोपवॉक' म्हणतात, म्हणजे दोर वळत चालायची जागा. नाव अगदी शब्दशः खरे आहे. सूत काढणारा कामगार कमरेला वाख गुंडाळून चाकाच्या आकड्यात त्याचे टोक अडकवी. चाक फिरू लागले की तो दोन्ही हातांनी वाख सोडत उलट्या पावलांनी मागे मागे चालत जाई. हजार फूट चालला की एक धागा पुरा. नांगराच्या एका दोराला असे शेकडो धागे लागत.

मुंबईचा रोपवॉक

ईस्ट इंडिया कंपनीने जहाजबांधणी सुरतेहून मुंबईला आणली ती १७३५-३६ च्या सुमारास. त्या कामासाठी लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून आले आणि पुढे वाडिया घराण्याच्या अनेक पिढ्यांनी येथे सागवानी जहाजे बांधली. १८१७ साली येथून पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे.

ज्या गोदीत जहाज बांधायचे तिथेच दोरही हवा. तयार दोर इंग्लंडहून आणायचा तर तो सहा-सहा महिने जहाजाच्या पोटात दमट हवेत पडून राहणार. तेव्हा गोदीजवळच रोपवॉक उभा राहिला. अब्राहम पार्सन्स नावाच्या इंग्रज प्रवाशाने १७७५ साली तो पाहिला. लांबी, जागा आणि सोय या बाबतींत एक पोर्ट्समथचा रोपवॉक वगळता इंग्लंडमधला कोणताही याच्या पुढे जाणार नाही, असा त्याचा अभिप्राय होता. पोर्ट्समथप्रमाणे येथेही कामगारांच्या डोक्यावर छप्पर होते, हे त्याने मुद्दाम नोंदवले आहे. येथे तागाचे दोर होत, तसेच मलबारच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या काथ्याचेही होत. इंग्रज आरमार, कंपनीची जहाजे आणि व्यापारी गलबते या सर्वांना दोर येथूनच मिळे.

छपराची एवढी मातब्बरी कशाला? मावळात पाऊस पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. तंतू पाणी पितो, फुगतो आणि त्यामुळे दोर लांबीला आखडतो. ओल्या धाग्यांचा वळलेला दोर वाळल्यावर ढिला पडतो. शिवाय तागाचा दोर खाऱ्या पाण्यात कुजू नये म्हणून धाग्यांना गरम डांबर पाजत, आणि ओला धागा डांबर घेत नाही. काथ्याला या डांबराची गरज नसते. तो खाऱ्या पाण्यात टिकतो आणि तरंगतोही, पण गोड्या पाण्यात लवकर कुजतो. दुसरीकडे, पश्चिम किनाऱ्यावरची गलबते पावसाळ्याचे महिने किनाऱ्याला लावलेली असत आणि दुरुस्तीची कामे त्याच दिवसांत निघत. गरज पावसात आणि काम कोरड्यात, हा पेच सोडवायला छप्पर हाच उपाय होता.

अशा इमारतीचे लष्करी मोलही मोठे होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, डिसेंबर १७७६ मध्ये, जेम्स एटकेन नावाच्या माणसाने पोर्ट्समथ गोदीतल्या दोरांच्या इमारतीलाच आग लावली. एक जहाज जाळले तर एकच जहाज जाते, दोर जाळला तर अनेक जहाजे बंदरात अडकतात, हे उघड होते. चोरी ओळखता यावी म्हणून इंग्लंडच्या सरकारी गोद्यांत दोर वळतानाच त्यात एक वेगळ्या खुणेचा धागा घालीत. बाजारात तो धागा असलेला दोर सापडला की माल सरकारी हे सिद्ध होई.

मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली गेली आणि तो सगळा परिसर बदलला. रोपवॉकची इमारत आज नाही. काळा घोडा भागात 'रोप वॉक लेन' ही गल्ली मात्र आहे. तिला आता साईबाबा मार्ग म्हणतात. जुन्या इमारतीची आठवण गल्लीच्या नावात उरली आहे.

तेच शास्त्र, छपराविना

आता पुन्हा घाट चढून वर येऊ. गोदीत चालणारे काम देशावरच्या गावोगावी शेकडो वर्षे चालू होते. त्याला ना छप्पर होते, ना कोणी प्रवासी त्याचे वर्णन लिहायला आला.

गावात दोर वळण्याचे काम बलुतेदारीत मातंग समाजाकडे असे. अंबाडी, ताग, घायपात यांचा वाख काढायचा, तो विंचरायचा, एकाने आकडा फिरवायचा आणि दुसऱ्याने वाख सोडत उलट्या पावलांनी मागे जायचे. पेड तयार झाले की तीन पेडांच्या मधून खाचा पाडलेला लाकडी ठोकळा सरकवत न्यायचा, म्हणजे पीळ सारखा बसतो. टोकाचा माणूस ताण धरून असतो आणि दोर आखडेल तसतसा पुढे सरकतो. चॅटमच्या इमारतीत या माणसाच्या जागी वजने लादलेला गाडा असे. बाकी क्रिया तीच, उलटा पीळ तोच, दोन-तृतीयांशाचे गणितही तेच. फरक एवढाच की बैलाचा कासरा दोन-चार वाव लांब असतो, त्याला गावाबाहेरची मोकळी जागा पुरते, आणि पावसाळ्यात काम थांबवता येते.

या कारागिरांनी घडवलेल्या वस्तूंची नुसती नावे पाहावीत: दावे, कासरा, वेसण, म्होरकी, शिंके, चऱ्हाट, काढणी. मोटेला दोन दोर लागत. जाड नाडा मोटेचे वजन ओढी आणि बारीक सोंदूर सोंडेचे तोंड सांभाळी. एकाचे काम ताकदीचे, दुसऱ्याचे चपळाईचे, म्हणून दोन्हींचा पीळ आणि जाडी वेगळी. कोणत्या कामाला किती पीळ हे कारागीर बोटांनी जाणत असे. पीळ कमी पडला तर तंतू सरकतात, फार झाला तर दोर ताठ होऊन कडकन तुटतो. दोन्हींच्या मधली जागा ओळखणे म्हणजेच अभियांत्रिकी.

या विद्येला मान मात्र मिळाला नाही. मातंगाने वळलेल्या नाड्याने सगळ्या गावाचे मळे भिजत, पण त्याच गावातल्या विहिरीला हात लावण्याची त्याला बंदी होती.

याच सुमारास तिकडे युरोपात आपल्या वाखाला भाव आला होता. इंग्रज आरमाराचा ताग मुख्यतः रशियातून येई. नेपोलियनच्या युद्धांत १८०७ साली रशिया फ्रान्सच्या बाजूला गेला आणि हा पुरवठा धोक्यात आला. त्याआधीपासूनच कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात विल्यम रॉक्सबर्ग भारतीय तंतूंना वजने टांगून त्यांची ताकद मोजत होते. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात रशियाशीच गाठ पडली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा पुढे आला, आणि १८५५ साली लंडनमध्ये जॉन फोर्ब्स रॉईल यांचा भारतातील तंतुमय वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ निघाला. आपण भाकरीबरोबर जिची भाजी खातो आणि देशावर जी बाजरीच्या शेतात कडेने पेरतात, त्या अंबाडीला व्यापारात 'डेक्कन हेम्प' असे भारदस्त नाव मिळाले.

त्याच १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता नावाच्या मातंग मुलीचा निबंध छापून आला. ती पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. मांग-महारांच्या दुःखांविषयी तिने लिहिले होते. एकाच वर्षी लंडनमध्ये तंतूची ताकद किती पौंड हे छापले गेले आणि इकडे दोर वळणाऱ्या समाजातल्या मुलीने आपल्या माणसांवर काय ओझे आहे ते लिहिले. आम्हांला वाटते, तंत्रज्ञानाचा इतिहास शिकवताना हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. जहाजे बांधणाऱ्या वाडियांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत. दोर वळणाऱ्यांची नावे पाठ्यपुस्तकांत नाहीत.

दोर गेला, पीळ राहिला

एकोणिसाव्या शतकात नांगराला लोखंडी साखळी आली. १८३४ साली जर्मनीतील हार्त्स डोंगरातल्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट यांनी लोखंडी तारांचा दोर वळला. वाफेच्या जहाजांनी शिडे घालवली आणि शिडांबरोबर मैलोगणती दोरही गेला. गावात इंजिने आणि विजेचे पंप आले, मोट थांबली, नाडा आणि सोंदूर अडगळीत गेले. मग नायलॉनचा कासरा आठवडे बाजारात आला आणि उरलेले कामही गेले.

पीळ मात्र कुठेच गेला नाही. १७१४ चा समेट जिथे झाला त्या वळवणला पुढे टाटांनी धरण बांधले. त्या परिसरातल्या तलावांचे पाणी खाली सोडून १९१५ साली खोपोलीला वीज तयार होऊ लागली. विजेच्या मोठ्या वाहिन्यांची तार अखंड सळई नसते. ती अनेक तारा वळून केलेली असते, आणि तिच्यातला प्रत्येक थर आधीच्या थराच्या उलट पिळाचा असतो. नागफणीच्या कड्यावर गिर्यारोहक वापरतात त्या दोराच्या गाभ्यात निम्मे पेड डाव्या पिळाचे आणि निम्मे उजव्या पिळाचे ठेवतात, म्हणजे लोंबकळणारा माणूस भोवऱ्यासारखा फिरत नाही. उलट्या पिळाची ती जुनी युक्ती आजही माणसाचा जीव सांभाळते आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

तीन मीटर लांबीचे सुतळीचे तीन तुकडे घ्यावेत. एका मुलाने एक टोक धरावे, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाशी पेन्सिल अडकवून प्रत्येक तुकड्याला, सुतळीच्या मूळ पिळाच्याच दिशेने, आणखी घट्ट पीळ द्यावा. ताण सुटू देऊ नये. मग तिन्ही तुकडे एकत्र धरून उलट दिशेने वळावेत. तयार दोर मोजावा आणि मूळ लांबीशी गुणोत्तर काढावे. आपल्या दोराचे गुणोत्तर दोन-तृतीयांशाच्या किती जवळ येते? घट्ट वळला तर काय होते, सैल वळला तर काय होते? आता तिन्ही तुकडे त्याच दिशेने वळून पाहावेत आणि दोर सोडून द्यावा. उलट्या पिळाचे महत्त्व मुलांना सांगावे लागणार नाही. शेवटी त्यांना विचारावे: शाळेच्या लांबात लांब व्हरांड्यात किती वावेचा दोर वळता येईल?

याच्या जोडीला दुसरा एक उपक्रम आम्ही सुचवतो, तो अधिक निकडीचा आहे. आपल्या गावात पूर्वी दोर कोण वळत असे, कोणत्या झाडाच्या वाखाचा, कोणत्या जागेवर, आणि त्या कामातले शब्द कोणते, हे मुलांनी वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढावे. ज्यांच्या घरी हे काम होत होते त्यांच्याकडे शिष्य होऊन जावे आणि वहीत त्यांचे नावही लिहावे. रोपवॉक पडला तरी त्याच्या नावाची गल्ली उरली. गावातल्या दोर वळायच्या जागेला तेवढाही आधार नाही, तिची नोंद आपल्यालाच करायची आहे.